पोटातलं ओठांवर

आपल्या घरांमध्ये राग आणि ताट यांचं नातं फार जुनं आहे. आईशी वाजलं की आपलं पहिलं वाक्य ठरलेलं, 'मला नाही जेवायचं!' मग बाबांचंही ठरलेलं, 'अन्नावर राग काढू नये.' आणि तासाभराने आजी हळूच विचारणार, 'थोडा दहीभात तरी कालवू का?' आपली भाषासुद्धा यात सामील आहे. आपण राग गिळतो, आवंढा गिळतो, अपमान पचवतो, दुसऱ्याच्या चुका पोटात घालतो.

बहुतेकांचं प्रकरण दहीभातावर मिटतं. काहींचं मिटत नाही. खाणं हीच रोजची लढाई होऊन बसते. रूमचं दार लावून, थांबताच येत नाही इतकं खाल्लं जातं. किंवा खाल्लेलं मुद्दाम बाहेर काढलं जातं. किंवा खाणंच आटत जातं. हे महिनोन्महिने चाललं, त्यात अभ्यास, झोप, दोस्ती सगळं वाहून जायला लागलं, की डॉक्टर त्याला इटिंग डिसऑर्डर म्हणतात. हे नखरे नाहीत आणि फॅडही नाही. हा आजार आहे आणि त्याला उपचार आहेत.

आज त्यातल्या एका उपचाराबद्दल सांगायचंय. त्यात डाएट चार्ट नाही, वजनकाट्यावर चर्चा नाही, 'काल रात्री काय खाल्लंस?' हा प्रश्नही जवळजवळ नाही. तिथे विचारतात, 'काल रात्री कुणाशी बोललीस?'

आधी नावं नीट समजून घेऊ

तीन नावं तुमच्या कानावर कधी ना कधी आली असतील. अ‍ॅनोरेक्सियात माणूस खाणं इतकं कमी करतो की वजन धोकादायक पातळीपर्यंत उतरतं, तरीही जाड होण्याची भीती जात नाही. बुलिमियात थोड्या वेळात प्रचंड खाल्लं जातं आणि मग ते भरून काढण्यासाठी उलटी, उपास किंवा अतिव्यायाम सुरू होतो. लंडनचे मानसोपचारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये या आजाराचं वर्णन करून त्याला हे नाव दिलं. तिसरा बिंज इटिंग डिसऑर्डर. यात अनावर खाणं असतं, पण नंतरची ती 'भरपाई' नसते. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत त्याला २०१३ मध्ये स्वतंत्र आजार म्हणून जागा मिळाली.

एक गैरसमज इथेच काढून टाका. बघून कळतं, असं नाही. बुलिमिया असलेल्या अनेकांचं वजन अगदी 'नॉर्मल' असतं. आणि हा फक्त मुलींचा आजार नाही. जिममध्ये 'कटिंग'च्या नावाखाली सुरू झालेलं काही मुलांच्या हाताबाहेर जातं. मुलगा आहे म्हणून घरात, मित्रांत आणि कधी कधी डॉक्टरकडेही कुणाला शंका येत नाही, एवढाच फरक.

हा आजार साधारणपणे शाळेच्या शेवटच्या वर्षांत किंवा कॉलेजच्या काळात डोकं वर काढतो. म्हणजे आपल्याच वयात. कारणं एकच एक नसतात. अनुवंशाचा वाटा असतो, कडक डाएटिंगचा असतो, शरीराबद्दल सतत ऐकलेल्या शेऱ्यांचा असतो. आणि अवतीभवतीच्या माणसांचाही असतो.

'द क्राउन' पाहिली असेल तर चौथ्या सीझनमधली डायना आठवेल. खरी डायना १९९५ मध्ये बीबीसीच्या मुलाखतीत आपल्या बुलिमियाबद्दल बोलली होती आणि लग्नात जे चाललं होतं त्याचंच ते लक्षण होतं, असं तिने सांगितलं होतं. तिच्यावर काय उपचार झाले, हा आपला विषय नाही. पण तिने जो धागा पकडला होता, तोच धरून ही थेरपी चालते.

एक थेरपी, जी तुलनेसाठी आणली होती

या थेरपीचं नाव इंटरपर्सनल सायकोथेरपी, थोडक्यात आयपीटी. ती मुळात इटिंग डिसऑर्डरसाठी नव्हतीच. अमेरिकेत जेराल्ड क्लर्मन आणि मर्ना वाइसमन यांनी सहकाऱ्यांबरोबर ती डिप्रेशनसाठी बांधली. सुरुवात १९६० च्या दशकाच्या अखेरीस झाली आणि १९८४ मध्ये त्याचं पुस्तक आलं. (हे दोघं पुढे नवरा-बायकोही झाले. नात्यांची थेरपी बनवणाऱ्यांबद्दल एवढं तरी सांगायला हवंच.) त्यांचं म्हणणं साधं होतं. डिप्रेशनचं कारण काहीही असो, ते येतं तेव्हा माणूस कुणाचा तरी मुलगा, मैत्रीण, बायको, सहकारी असतो. त्या नात्यांत काय चाललंय ते पाहिलं आणि सुधारलं, तर मनही सावरतं.

तिकडे इंग्लंडमध्ये, ऑक्सफर्डला ख्रिस्तोफर फेअरबर्न बुलिमियावर काम करत होते. त्यांची पद्धत होती कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, म्हणजे सीबीटी. खाण्याची नोंद ठेवा, जेवणाच्या वेळा बांधा, वजनाबद्दलचे विचार तपासून पाहा, असा तिचा सरळ खाण्यालाच हात घालणारा मार्ग. पण ती खरंच चालते हे सिद्ध करायचं तर तुलनेला दुसरं काहीतरी हवं. ज्यात खाण्याचा विषयच नाही, अशी थेरपी शोधताना आयपीटी निवडली गेली. ७५ रुग्णांचे तीन गट झाले. एकाला सीबीटी, दुसऱ्याला तिच्यातला फक्त सवयी बदलण्याचा भाग, तिसऱ्याला आयपीटी.

उपचार संपले तेव्हा सीबीटी काही बाबतींत पुढे होती. उलट्या, कडक डाएट, वजनाबद्दलचे विचार यांवर तिचा परिणाम जास्त दिसला. अपेक्षितच होतं. गंमत पुढे झाली. वर्षभराने तपासलं तर आयपीटीवाल्यांनी सीबीटीवाल्यांना गाठलं होतं. मधल्या काळात कुणी थेरपी घेत नव्हतं, तरी आयपीटीच्या गटात सुधारणा होत राहिली होती. १९९३ मध्ये हे निष्कर्ष छापून आले. खाण्याबद्दल जवळपास काहीच न बोलता खाण्याचा आजार कमी झाला होता.

आत नेमकं काय चालतं?

साधारण १६ ते २० सेशन्स, चार-पाच महिने. कितीही वर्षं सोफ्यावर पडून बालपण उगाळत बसा, असा हा प्रकार नाही. शेवटची तारीख पहिल्यापासून माहीत असते.

पहिल्या काही सेशन्समध्ये एक मोठा तक्ता बनतो. एका रकान्यात खाण्याचं काय काय झालं, कधी सुरू झालं, कधी वाढलं. शेजारच्या रकान्यात त्या काळात आयुष्यात काय घडत होतं. त्याच्या शेजारी, तेव्हा जवळची माणसं कोण होती आणि त्यांच्याशी कसं चाललं होतं. याच टप्प्यावर थेरपिस्ट स्पष्ट सांगतात की तुला आजार आहे, ही तुझी चूक नाही, पण बरं होण्यासाठी काम मात्र तुलाच करायचंय.

तक्ता झाला की दोघं मिळून ठरवतात, अडलंय कुठे? आयपीटी त्यासाठी चार जागा पाहते.

एक, शोक. कुणीतरी गेलं आणि रडायचंच राहून गेलं. परीक्षा होती, घर सांभाळायचं होतं, 'तू तरी खंबीर राहा' असं सगळे म्हणत होते.

दोन, नात्यातला तिढा. आई-बाबा, पार्टनर, रूममेट, कुणाशीही. दोघांच्या एकमेकांकडून अपेक्षा जुळत नाहीत. इथे आधी पाहतात की तिढा कुठवर आलाय. अजून बोलणी चालू आहेत, की दोघंही गप्प होऊन अडून बसलेत, की नातं खरं तर संपलंय आणि फक्त मान्य करायचं राहिलंय?

तीन, बदललेली भूमिका. गाव सोडून हॉस्टेल, कॉलेज संपून नोकरी, ब्रेकअप, आई-बाबांचा घटस्फोट. वर्गात पहिला येणारा अचानक ६० जणांतला एक होतो, तोही यातच.

चार, माणसं जोडताच न येणं. ओळखी असतात, ग्रुप असतात, पण रात्री दोन वाजता फोन करावा असं कुणीच नसतं.

यातल्या एखाद-दोन जागा निवडून पुढचे अडीच-तीन महिने त्यावरच काम चालतं. फेअरबर्न यांच्या पद्धतीत तर मधल्या सेशन्समध्ये रुग्ण खाण्याकडे वळला की थेरपिस्ट त्याला हळूच नात्यांकडे परत आणतात.

समजा, एक मुलगी आहे

ही गोष्ट कुणा एकीची नाही, समजण्यासाठी रचलेली आहे. लातूरची मुलगी, पुण्यात इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. ती थेरपिस्टकडे येते तेव्हा तिच्या मते गोष्ट सोपी असते. 'मी डाएट सुरू केलं, मग सुटलं, मग हे सुरू झालं.' तक्ता भरायला घेतल्यावर दिसतं की डाएट सुरू झालं पहिल्या वर्षीच्या दिवाळीनंतर. त्याच सुट्टीत तिने घरी सांगितलं होतं की ब्रँच बदलायचीय. बाबा काहीच बोलले नव्हते. आई म्हणाली होती, 'आता सगळ्यांना काय सांगायचं?' विषय तिथेच बंद झाला, तो आजतागायत.

आणि बिंज होतं कधी? बहुतेक वेळा रात्री साडेनऊनंतर. रात्री नऊला काय असतं? आईचा फोन. मग थेरपिस्ट तो फोन अगदी स्क्रीनशॉट काढावा तसा समोर मांडायला लावतात.

'आई काय म्हणाली?'

'जेवलीस का, म्हणाली. मग म्हणाली, काकूंच्या मुलाचं प्लेसमेंट झालं.'

'तू काय म्हणालीस?'

'अरे वा, म्हटलं.'

'आणि मनात काय आलं?'

'की मला टोमणा मारतेय.'

'ते बोललीस?'

'नाही. म्हटलं, सगळं मस्त चाललंय.'

'मग आईला काय कळलं असेल?'

इथे ती थांबते, कारण उत्तर सरळ आहे. आईला कळलं, सगळं मस्त चाललंय.

थेरपिस्ट असा एकेक संवाद उलगडतात. मग रंगीत तालीम होते. थेरपिस्ट आई होतात आणि ती बोलून पाहते. 'आई, तू प्लेसमेंटचं सांगितलंस की मला वाटतं मी तुला पुरत नाही.' पहिल्यांदा हे वाक्य भांडणासारखं निघतं, दुसऱ्यांदा रडू येतं, चौथ्यांदा जरा जमतं. मग खऱ्या फोनवर ती ते बोलते आणि आई फोन ठेवून देते! झालं? संपलं? नाही. पुढच्या सेशनला हाच फोन समोर येतो. आईला कशाचं वाईट वाटलं असेल? पुन्हा बोलायचं तर फोनवर की घरी जाऊन? आधी बाबांशी बोलून पाहिलं तर? कदाचित ब्रँच बदलणारही नाही. पण दोघींमधला विषय बंद राहत नाही. आणि प्रत्येक न बोललेली गोष्ट रात्री साडेनऊला कपाटातल्या बिस्किटांच्या पुड्यांपर्यंत जाणं हळूहळू कमी होतं.

हळूहळू. हा शब्द महत्त्वाचा आहे.

मग सगळ्यांनी हीच थेरपी का घेऊ नये?

कारण ती सावकाश चालते आणि सगळ्यांना लागू पडत नाही. अमेरिकेत २२० बुलिमिया रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००० मध्ये आले. उपचार संपताना सीबीटी स्पष्ट पुढे होती, वर्षभराने दोघींमध्ये ठोस म्हणावा असा फरक उरला नव्हता. म्हणूनच ब्रिटनच्या २००४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आयपीटीला सीबीटीचा पर्याय म्हणताना एक अट होती. सीबीटीइतका परिणाम दिसायला ८ ते १२ महिने लागतात, हे रुग्णाला आधीच सांगा.

पुढे सीबीटी आणखी सुधारली. २०१५ मध्ये फेअरबर्न यांच्याच टीमने १३० रुग्णांवर नव्या सीबीटीची आणि आयपीटीची तुलना छापली. २० आठवड्यांनंतर सीबीटीच्या गटात सुमारे ६५ टक्के लोकांची लक्षणं ओसरली होती, आयपीटीच्या गटात ३३ टक्के. त्यानंतर ६० आठवड्यांनी हे आकडे ६९ आणि ४९ झाले. म्हणजे आयपीटी याही वेळी नंतर वाढत गेली, पण पूर्ण गाठू शकली नाही. ब्रिटनच्या २०१७ च्या नव्या सूचनांमध्ये मोठ्यांच्या बुलिमियासाठी सीबीटीवरच भर आहे.

बिंज इटिंगमध्ये मात्र तिची कामगिरी बरोबरीची आहे. २००२ च्या एका अभ्यासात १६२ जणांनी गटात बसून थेरपी घेतली, काहींनी सीबीटी, काहींनी आयपीटी. उपचार संपतानाही आणि वर्षभरानंतरही दोन्ही गट जवळपास सारखेच होते.

अ‍ॅनोरेक्सियाचं वेगळं. न्यूझीलंडमध्ये ५६ महिलांवर झालेल्या आणि २००५ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात आयपीटीचा निकाल चांगला नव्हता. शरीर उपाशी असताना मेंदूही उपाशी असतो, तेव्हा आधी पोषण आणि वैद्यकीय देखरेख लागते. आणि रुग्ण शाळकरी वयाचा असेल तर आई-बाबांना सोबत घेऊन केलेली फॅमिली थेरपी हा पहिला पर्याय मानला जातो.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवा. तुम्ही सीबीटी करून पाहिली आणि 'डायरी भरणं मला जमत नाही, माझा प्रॉब्लेम वेगळाच आहे' असं वाटलं, तर तुम्ही 'न सुधारणारी केस' नाही. दुसरा, अभ्यासून पाहिलेला रस्ता आहे. थेरपिस्टला आयपीटीबद्दल विचारा. हे नाव पाटीवर लिहिलेला थेरपिस्ट प्रत्येक शहरात सापडेलच असं नाही. पण नात्यांवर काम करू का, किती सेशन्समध्ये, ध्येय काय, हे प्रश्न कुणालाही विचारता येतात. तुमचा तो हक्क आहे.

आई-बाबांवर खापर फोडायचं नाही

'नात्यांवरची थेरपी' म्हटलं की घरच्यांना धडकी भरते. म्हणजे आता सगळं आमच्यावरच येणार! तसं नाही. आयपीटी दोषी शोधत नाही. तिढा दोघांत असतो आणि थेरपीच्या खोलीत त्यातला एकच जण बसलेला असतो. त्यामुळे प्रश्न असतो तो एवढाच की या बाजूने काय वेगळं करता येईल. आजारामुळेही नाती बिघडतात, हेही खरंच. खाणं लपवायचं म्हणजे खोटं बोलणं आलं, बर्थडेला न जाणं आलं, 'आत्ताच खाल्लं' म्हणणं आलं. माणसं लांब जातात, एकटेपणा वाढतो, आणि एकटेपणात खाणं आणखी बिघडतं. हे चक्र माणसांच्या बाजूने तोडायचं, एवढाच या थेरपीचा डाव आहे.

आणि तुम्ही मैत्रीण किंवा मित्र असाल, तर थेरपिस्ट व्हायला जाऊ नका. मेसमध्ये तिच्या ताटावर पहारा ठेवू नका, बाथरूमच्या दाराशी उभे राहू नका. त्याने फक्त लपवाछपवी वाढते. खाण्याबद्दल न बोलता माणसाबद्दल बोला. 'तू हल्ली आमच्यात नसतेस, मला तुझी आठवण येते. काही चाललंय का?' हे चालेल. 'अगं खात जा ना, काडी झालीस!' हे नाही चालणार. 'छान बारीक झालीस, काय केलंस?' हे तर मुळीच नाही. ती चिडली, उठून गेली, तरी दोन दिवसांनी पुन्हा विचारा.

हे लगेच करा

चक्कर येऊन पडणं, छातीत धडधडणं, उलटीत रक्त दिसणं, वजन झपाट्याने उतरणं, यातलं काही असेल तर आधी डॉक्टर, मग थेरपी. सततच्या उलट्यांनी शरीरातलं पोटॅशियम कमी होतं आणि त्याचा थेट परिणाम हृदयाच्या ठोक्यांवर होतो. जिवावर बेतू शकतं.

कुठून सुरुवात करायची ते कळत नसेल तर १४४१६ हा नंबर सेव्ह करा. केंद्र सरकारची ही टेली मानस हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. फोन फुकट आहे, चोवीस तास चालू असते आणि मराठीत बोलता येतं. कॉलेजमध्ये समुपदेशक असतील तर त्यांनाही भेटा. जीव नकोसा वाटत असेल तर एकटे राहू नका. आत्ता, कोणत्याही वेळी, कुणाला तरी उठवा.

आणि तुम्हाला स्वतःला काहीच त्रास नसेल, तरी एक काम आहे. लग्नसराई येईल. हॉलच्या दारातच एखाद्या मावशी किंवा काका कुणाला तरी म्हणतील, 'काय गं, किती सुटलीस!' ती हसेल, कारण हसायचं असतं. तेव्हा तिला हाताला धरून बाजूला घ्या, विषय बदला, आणि पंगतीत तिच्या शेजारी बसा. ताटाकडे न बघता गप्पा मारा.